मोठ्या हार्ट अटॅकनंतर घरी परतलेल्या स्त्रीने पहिले तीन महिने कसे काढावेत

मोठा हार्ट अटॅक येऊन गेलेली स्त्री घरी परतते, तेव्हा तिच्या अंगावर दिसण्यासारखे फारसे काही नसते; अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची बंद रक्तवाहिनी बारीक नळी घालून उघडणे, मनगटातून झाली असेल तर तेथे एक काळानिळा डाग, एवढेच. त्यामुळे आठवड्याभरात घरच्यांना ती बरी झाल्यासारखी वाटू लागते आणि तिलाही बसून राहणे अवघड वाटते. प्रत्यक्षात हृदयाच्या स्नायूचा जो भाग रक्ताअभावी निकामी झाला, तेथे घट्ट व्रण तयार व्हायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. या काळात येणारा थकवा हा आळस नव्हे, हे आधी तुम्ही स्वतः मान्य करावे आणि मग घरात स्पष्ट शब्दांत सांगावे.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, हृदयाचे पंपिंग किती आहे. इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हा आकडा इजेक्शन फ्रॅक्शन म्हणून लिहिलेला असतो. तो 50 टक्क्यांच्या वर असणे चांगले आणि 40 च्या खाली असल्यास हृदय अशक्त झालेले असते. सुरुवातीचा आकडा कमी दिसला तरी धीर सोडू नये, कारण झटक्याने केवळ बधिर झालेला स्नायू काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतो आणि नंतरच्या इकोमध्ये आकडा वाढलेला दिसू शकतो. दुसरी, झटका नेमका कशामुळे आला. तरुण स्त्रियांत, विशेषतः बाळंतपणानंतरच्या काळात, रक्तवाहिनीचे आतले अस्तर आपोआप फाटूनही झटका येतो आणि त्याचे उपचार चरबीच्या गुठळीवरील उपचारांपेक्षा काहीसे वेगळे असतात.

चालणे सपाट जागेवर, दिवसातून दोनदा, 5 ते 10 मिनिटांपासून सुरू करावे आणि अंगाला झेपेल तसे थोडे थोडे वाढवावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकाच वेग ठेवावा. बोलताना वाक्य तुटू लागले तर थांबावे. जेवल्यानंतर किमान तासभर चालायला निघू नये. मात्र खरी गफलत चालण्यात होत नाही, ती घरकामात होते. ओल्या कपड्यांची बादली उचलणे, फरशी पुसणे, हात डोक्याच्या वर नेऊन कपडे वाळत घालणे या कामांचा हृदयावरील ताण सावकाश चालण्यापेक्षा जास्त असतो, आणि तरीही ही कामे कोणी व्यायामात धरत नाही. तुम्ही ती धरावीत. ज्या दिवशी कपडे धुतले, त्या दिवशीचे चालणे कमी करावे. अंघोळ स्टुलावर बसून करावी. भांडी, झाडलोट, मुलांची तयारी ही कामे कोणी करायची, हे घरात बसून नावानिशी ठरवून घ्यावे, कारण 'जमेल तशी मदत करू' या आश्वासनावर सोडलेले काम शेवटी तुमच्याच वाट्याला येते.

बायपास शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्यासाठी कापलेले छातीचे हाड सांधेपर्यंत, म्हणजे साधारण 8 ते 12 आठवडे, 4-5 किलोपेक्षा जड काही उचलू नये. खोकताना छातीशी उशी घट्ट धरावी. स्तनांच्या वजनाने टाक्यांवर ओढ येते व जखम दुखते, ही गोष्ट स्त्रियांना क्वचितच सांगितली जाते. समोरून उघडणारी, तारेविना असलेली, मऊ पण आधार देणारी ब्रा वापरल्यास बराच आराम पडतो.

औषधांत सर्वांत जपण्यासारख्या म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवल्यानंतर अशा दोन गोळ्या बहुधा 12 महिन्यांपर्यंत एकत्र दिल्या जातात. त्यांच्यामुळे मासिक पाळीत रक्तस्राव फार वाढू शकतो, आणि त्याला घाबरून किंवा संकोचापोटी कोणाला न सांगता गोळी बंद केल्यास स्टेंट अचानक बंद होऊन जिवावर बेतू शकते. रक्तस्राव वाढला तर हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही सांगावे. त्यावर उपाय असतात. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण झटक्यानंतर दिली जाणारी काही औषधे गर्भाला घातक असतात.

रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत 2 किलो वाढले, घोट्यावर अंगठा दाबल्यास खळगा राहू लागला किंवा आडवे पडल्यावर धाप लागू लागली, तर शरीरात पाणी साचत असण्याची शक्यता असते. पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

रात्री छातीचे ठोके मोजत जागणे, कारण नसताना रडू येणे, पुन्हा झटका येईल या भीतीने घराबाहेर न पडणे हे अनेकींच्या बाबतीत घडते. झटक्यानंतरचे नैराश्य स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक आढळते आणि त्याने हृदयाचे बरे होणेही लांबते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन असेच राहिले तर ते छातीतल्या दुखण्याइतक्याच मोकळेपणाने डॉक्टरांना सांगावे. देखरेखीखाली व्यायाम, आहार व समुपदेशन देणारा हृदय पुनर्वसन कार्यक्रम यात फार उपयोगी पडतो. स्त्रियांना तो कमी प्रमाणात सुचवला जातो, म्हणून कोणी सुचवण्याची वाट न पाहता तुम्हीच त्याची चौकशी करावी.

पुन्हा झटका आलाच, तर छातीत दुखण्याबरोबर, कधी कधी त्याशिवायही, जबडा किंवा पाठ दुखणे, मळमळ, थंड घाम, अचानक दम लागणे अशी लक्षणे स्त्रियांत दिसतात. पित्त झाले असेल असे समजून वेळ घालवू नये. जिभेखाली ठेवण्याची गोळी दिलेली असेल तर ती बसून घ्यावी, 5 मिनिटांत आराम न पडल्यास लगेच रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालयात जाण्यासाठी स्वतः गाडी चालवू नये.