जुन्या व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्पची घरघर अशी थांबली

लक्षण: अ‍ॅम्प चालू करताच जाड ‘घूंऽऽ’. व्हॉल्यूम शून्यावर, गिटारची वायर काढलेली, तरी तेवढाच आवाज.

वायर बदलली, दुसऱ्या खोलीतला अर्थिंगचा प्लग वापरला, ईएल८४ व्हॉल्व्हची (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांची) जोडी नवी घातली. तीन रविवार गेले, अक्षरशः रडकुंडीला आलो.

मग फोनवर फ्रिक्वेन्सी मोजली: १०० हर्ट्झ. अर्थिंग किंवा हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) वायरिंगची घरघर बहुधा ५० ची, म्हणजे घरच्या विजेइतकी असते. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५० चे १०० करतो, म्हणून १०० म्हणजे त्यानंतरचे, डीसी सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर. उघडून पाहिलं तर एकाच्या बुडाशी तपकिरी, वाळलेला चीक होता.

प्लग काढला. क्लिप लावलेला १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कपॅसिटरच्या प्लस आणि चॅसीमध्ये (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्यामध्ये) मिनिटभर धरला, मग मीटरने शून्य व्होल्टची खात्री केली. ही पायरी गाळू नका. बंद अ‍ॅम्पमध्येही ३०० व्होल्ट साठून राहतात आणि जीव जाऊ शकतो. फोटो काढून जुने ३२ मायक्रोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर काढले, ३३ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे लावले. मायनसची पट्टी चॅसीकडे.

स्पीकर जोडून आधी ६० वॅटच्या तारेच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये (वीज बल्बमधून अ‍ॅम्पकडे जाईल असा) चालू केला (एलईडी चालत नाही). बल्ब क्षणभर लखलखून मंदावला. तसाच प्रखर राहिला असता तर शॉर्ट. मग थेट प्लग.

आता व्हॉल्यूम शून्यावर खोलीतल्या पंख्याचाच आवाज येतो.