गावातल्या शाळेची रोबोटिक्स टीम: पहिल्या हंगामात आम्हाला काय काय जमलं

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यात आहे. मी इथे विज्ञान शिकवते. २०२२-२३ मध्ये आमच्या सातवी ते नववीच्या मुलामुलींनी पहिल्यांदा फर्स्ट लेगो लीग या शालेय रोबो स्पर्धेत भाग घेतला. तेव्हापासून आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक भेटले की एकच विचारतात, खेड्यात हे जमतं का? जमतं. शहरातल्या टीमसारखं करायला गेलं तर अवघड आहे, पण गावाच्या वेळा आणि गावातली माणसं धरून चाललं तर बरंच काही चांगलं होतं. आमच्याकडे काय काय चांगलं झालं आणि कशामुळे, ते इथे लिहिते.

आधी स्पर्धेबद्दल थोडक्यात. फर्स्ट ही संस्था डीन केमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत सुरू केली. लेगोबरोबरची ही लीग १९९८ पासून चालते. आपल्याकडे चॅलेंज गटात ९ ते १६ वर्षांची मुलं भाग घेऊ शकतात, एका टीममध्ये जास्तीत जास्त दहा. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास नवा विषय येतो. टेबलावर अंथरायची चटई आणि तिच्यावर मांडायची लेगोची मॉडेल्स येतात. रोबोने अडीच मिनिटांत जमतील तेवढी कामं करायची. पण रोबोचा खेळ हा चारातला एकच भाग. रोबोची रचना, नवकल्पनेचा प्रकल्प आणि टीम एकमेकांशी कशी वागते, या तिन्हींना खेळाइतकंच वजन असतं. नव्या टीमने हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगावं. ज्याला प्रोग्रामिंग आवडत नाही पण बोलायला, विचारायला, चित्रं काढायला आवडतं, त्याचीही टीममध्ये खरीखुरी जागा आहे.

रोबोचा संच आमच्या शाळेकडे नव्हता. तालुक्यातल्या ज्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतून मिळालेली प्रयोगशाळा) आहे, तिथल्या सरांनी स्पाइक प्राइम हा लेगोचा रोबो संच हंगामापुरता दिला. तुमच्या जवळ अशी लॅब असेल तर विकत घ्यायच्या आधी तिथे जाऊन बोला. अनेक ठिकाणी संच कपाटात असतात आणि वापरणारी मुलं मिळाली तर शिक्षकांना आनंदच होतो.

टेबलाचं काम त्याहून सोपं निघालं. टेबल आठ फूट बाय चार फुटांचं लागतं. प्लायवूडची अख्खी शीट नेमकी तेवढीच येते, कापावी लागत नाही. गावातल्या मिस्त्रींनी चारही बाजूंनी लाकडी कड मारून दिली. मी त्यांना फक्त दोन गोष्टींचा आग्रह धरला होता: कड काटकोनात हवी आणि मधे फळीला झोळ नको. त्याचा पुढे फार फायदा झाला. रोबो थोडा तिरका झाला की त्याला मागे घेऊन कडेला टेकवायचं, म्हणजे तो परत सरळ होतो. ही युक्ती सगळ्या चांगल्या टीम वापरतात, आणि कड सरळ असेल तरच ती चालते.

वेळेचं गणित मात्र नीट बसवावं लागलं. विषय जाहीर होतो तेव्हा पोळा आणि गणपतीचे दिवस असतात. त्यानंतर सोयाबीनची सोंगणी, मग दिवाळी, आणि पुढे कापसाची वेचणी. घरच्या वावरात हात लावणारी मुलं ऑक्टोबरमध्ये रोज थांबतील अशी अपेक्षा मी ठेवली नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टेबल, मॉडेल्स आणि रोबोचा सांगाडा उरकला. ऑक्टोबरमध्ये फक्त प्रकल्प ठेवला, कारण तो वावरातच होता. दिवाळीनंतर सगळा जोर रोबोवर.

आमच्या टीममध्ये मुली जास्त होत्या आणि त्यांतल्या काही जणी मानव विकास या सरकारी योजनेच्या, शाळेत जाणाऱ्या मुलींसाठीच्या निळ्या बसने येतात. शाळा सुटल्यावर सराव ठेवला असता तर त्या आपोआप बाहेर पडल्या असत्या. म्हणून मधल्या सुट्टीचा निम्मा वेळ आणि शनिवारी सकाळच्या शाळेनंतर बस येईपर्यंतचा वेळ, एवढाच सराव ठेवला. मुख्याध्यापकांनी शनिवारच्या वेळेला हरकत घेतली नाही, हे मोठं सहकार्य. कमी वेळ असल्यामुळे मुलं आल्या आल्या कामाला लागायची. आज काय करायचं ते आदल्या दिवशीच फळ्यावर लिहिलेलं असायचं.

आता रोबो. चटईवर पंधरा-एक कामं असतात आणि नव्या टीमला सगळीच करावीशी वाटतात. आमच्या मुलांनी पहिल्या आठवड्यात प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी लिहिल्या: गुण किती, सुरुवातीच्या जागेपासून किती लांब, आणि त्यासाठी रोबोला वेगळा हात लागतो का. जवळची, ढकलून किंवा ओढून होणारी कामं आधी निवडली. मग एक नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला: एक काम सलग पाच वेळा बिनचूक झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. चौथ्या वेळी चुकलं की परत एकपासून मोजायचं. मुलं वैतागायची, पण मोजायची. स्पर्धेच्या दिवशी आमची कामं मोजकीच होती आणि तिसऱ्या फेरीत ती सगळीच्या सगळी झाली. तीन फेऱ्यांतली सर्वांत चांगली धरली जाते, त्यामुळे एवढ्यावर आमचा गुणतक्ता बऱ्याच टीमच्या वर गेला.

चाकाचं गणित हा माझा सगळ्यात आवडता भाग. संचातल्या लहान चाकाचा व्यास ५६ मिलिमीटर. त्याचा परीघ साधारण १७.६ सेंटिमीटर. म्हणजे मॉडेल ७० सेंटिमीटरवर असेल तर मोटर जवळजवळ चार फेरे फिरवायची. परिघाचं सूत्र मुलांनी वर्गात पाठ केलं होतं, इथे त्यांनी ते टेप धरून तपासलं. अंतर फेऱ्यांत मोजायची सवय लागल्यामुळे आमचा दुसरा प्रश्नही सुटला. रोबोला ‘दोन सेकंद पुढे जा’ असं सांगितलं तर बॅटरी भरलेली असताना तो लांब जातो आणि उतरली की अलीकडेच थांबतो. गावात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, बॅटरी दरवेळी पूर्ण भरलेली मिळेलच असं नाही. फेरे मोजणाऱ्या प्रोग्रामला त्याचा फारसा फरक पडत नाही.

वळण्यासाठी हबमधला, म्हणजे रोबोच्या मुख्य डब्यातला, जायरो वापरला; रोबो किती अंशांत वळला ते तो मोजतो. तो शून्यावर आणताना रोबो अजिबात हलता कामा नये, नाहीतर पुढचं प्रत्येक वळण थोडं थोडं चुकत जातं. म्हणून रोबो ठेवला की हात वर, एक श्वास, मग बटण, असा क्रम मुलींनी स्वतःच ठरवला.

एकदा रोबो सारखा डावीकडे जायला लागला.
“मॅडम, हे डाव्या बाजूनं ओढून रायलं.”
“काऊन ओढते? चाक पाह्य ना आधी,” दुसरी म्हणाली.
चाकावर धुळीचा थर होता. तेव्हापासून प्रत्येक फेरीच्या आधी ओल्या फडक्याने टायर पुसणं हे एका मुलाचं नेमलेलं काम झालं. स्पर्धेच्या हॉलमध्येही त्याचं फडकं खिशात होतं.

वही हा आणखी एक फायद्याचा निर्णय. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो तारखेसह वहीत लिहायचा, मराठीत, जमेल तशा चित्रांसह. परीक्षकांनी ‘हा हात असाच का केला?’ असं विचारलं तेव्हा मुलांनी पान उघडून आधीचे हात दाखवले. पाठ केलेलं उत्तर द्यायची गरजच पडली नाही.

नियमावली मुलांनाच वाचायला द्या. सुरुवातीला गुण देणारी सहा टोकन मिळतात आणि घराबाहेर, म्हणजे रोबो जिथून सुटतो त्या जागेबाहेर, त्याला हात लावला की एक जातं. आमच्या आठवीतल्या मुलाने तक्ता वाचून दाखवलं की पाच उरले काय आणि सहा उरले काय, गुण पन्नासच. म्हणजे एकदा रोबो उचलून आणला तरी नुकसान नाही. हे कळल्यावर टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलांचा ताण एकदम कमी झाला.

त्या वर्षीचा विषय ऊर्जा होता, सुपरपॉवर्ड. आमच्या भागात ऊर्जा म्हटलं की पहिली आठवण येते शेतीपंपाच्या लाइटची. रात्रीची पाळी आली की ओलित करायला अंधारात जावं लागतं, साप-डुकरांची भीती असते. म्हणून ज्यांच्याकडे सौर पंप आहे त्यांच्याकडे मुलं गेली. तिथे एका मुलीच्या आजोबांनी प्रकल्पाचा विषयच हातात दिला: “प्लेटांवर दव पडते, त्याच्यावर धूळ बसते, अन् मंग ऊन लागलं का लेप होऊन बसते. पाणी कमी फेकते मोटर.”

मुलांनी हे मोजून पाहायचं ठरवलं. शाळेत एक छोटी बारा व्होल्टची प्लेट होती. ती स्वच्छ असताना आणि काळ्या मातीची धूळ टाकून, अशी भर दुपारी मल्टिमीटरने तपासली. व्होल्टेज जवळपास तेवढंच दिसलं आणि मुलं गोंधळली. मग करंट मोजला, तो स्पष्ट कमी झालेला. धुळीने प्रकाश अडतो तेव्हा मुख्यतः करंट घटतो, व्होल्टेज फार हलत नाही, हे त्यांना स्वतःच्या आकड्यांतून समजलं. हा प्रयोग छोट्या प्लेटवरच करा. शेतातल्या सौर पंपाच्या प्लेटा एकमेकींना जोडलेल्या असतात, तिथलं डीसी व्होल्टेज जिवावर बेतू शकतं, मुलांना तारांजवळ जाऊ देऊ नका.

उपाय त्यांनी साधा शोधला. लांब बांबू, टोकाला फरशी पुसायचा रबरी वायपर, आणि बांबूला बांधलेली ठिबकची जुनी नळी, वायपरपाशी भोकं पाडलेली. जमिनीवर उभं राहूनच थोड्या पाण्यात प्लेट धुता येते. तापलेल्या प्लेटवर गार पाणी पडू नये म्हणून सकाळीच धुवायचं. आजोबांनी वापरून पाहिलं आणि बांबू हलका हवा म्हणाले, तर मुलांनी तो बदलला. वापरणाऱ्याचं ऐकून केलेला हा बदल परीक्षकांना फार आवडला. प्रकल्पाला पाच मिनिटं सादरीकरण आणि पाच मिनिटं प्रश्न असतात. आम्ही आयोजकांना आधीच विचारून मराठी-हिंदीत बोलायची परवानगी घेतली होती. मुलं मोकळी बोलली ती त्यामुळे. तुम्हीही नाव नोंदवतानाच विचारून घ्या.

प्रवासाचं फार लिहीत नाही. एसटीने धामणगाव, तिथून रेल्वे. खर्चासाठी पालकांनी आणि गावातल्या काही शेतकऱ्यांनी वर्गणी दिली. रोबो डब्यात घट्ट बसेल असे थर्माकोलचे कप्पे केले, आणि सुटे भाग एका मुलीच्या जबाबदारीवर दिले. शेजारच्या टीमची एक पिन हरवली तेव्हा त्याच डब्यातून तिने ती लगेच काढून दिली, मला विचारायलाही आली नाही. या स्पर्धेत ज्याला सौजन्याने स्पर्धा करणं म्हणतात ते आमच्या मुलांना वेगळं शिकवावं लागलं नाही. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त अभिमान याचा वाटला.

पुढच्या हंगामाची तयारी करणाऱ्यांनी टीम निवडताना सगळी नववीची मुलं घेऊ नयेत. आम्ही निम्मी सातवीची घेतली होती. नववीच्या मुली दहावीत गेल्या तरी टेबल, वही आणि चाकाचं गणित सातवीवाल्यांकडे राहिलं, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर नव्या मुलांना जायरो शून्यावर कसा आणायचा हे त्यांनीच शिकवलं.