फझ की झिजलेली सुई? जुने सायकेडेलिक अल्बम ऐकताना या चुका टाळा

अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडचा अल्बम मी आठ महिने रोज लावत होतो, आणि त्या आठ महिन्यांत तो मी एकदाही खरा ऐकला नव्हता. रेकॉर्ड नव्यानं छापलेली होती, एक ओरखडा नाही. गिटार मात्र जड, ओढत नेल्यासारखी वाजायची. सायकेडेलिक संगीत, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातलं, गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं (त्या फाडण्यालाच फझ म्हणतात) रॉक, असंच सुस्तावलेलं असतं, अशी माझी समजूत झाली होती.

एका रविवारी दांडिया बाजारातले काका घरी आले. काका तरुणपणी बडोद्यात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. दुसरं गाणं अर्धं झालं नाही तोच म्हणाले, "ही मोकळी तार आहे रे. मग इतकी खाली का बोलतेय?" आणि मला पेटी काढायला लावली. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की पेटीवर पांढरी तीन, म्हणजे तिसरी पांढरी पट्टी लागते. आमच्या डेकवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर, ती काळी एकच्याही किंचित खाली बोलत होती. तीन पट्ट्यांहून जास्त फरक!

डेक न्यू जर्सीहून मामेभावानं आणून दिलेला. बडोद्यात असा परदेशातून आलेला जुना डेक पुष्कळ घरांत असतो. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडला की काम झालं, असं आपण धरून चालतो. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो, विजेची आवर्तनं बदलत नाही. अमेरिकेत ती सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. बऱ्याच जुन्या डेकची मोटर या आवर्तनांवरच फिरते. त्यामुळे मिनिटाला ३३.३३ फेरे घ्यायचे तिथे माझी रेकॉर्ड जेमतेम २७.८ फेरे घेत होती. मोटरवरची छोटी पुली ५० आवर्तनांसाठीची बसवली आणि त्या संध्याकाळी तो अल्बम मी पहिल्यांदा ऐकला. चपळ, तापलेला, अंगावर येणारा बँड होता तो!

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. कुठल्याही विस्मृतीतल्या अल्बमबद्दल मत बनवण्याआधी, आपल्या कानावर नक्की काय पडतंय ते तपासायचं. इंग्लिश गाण्यांच्या ओळखीच्या अल्बममध्ये वेग चुकला तर लगेच कळतं, कारण मूळ आपल्या कानात असतं. विस्मृतीतल्या अल्बमचं मूळ कुणाच्याच कानात नाही. म्हणून यंत्राचा दोष बँडच्या माथी बसतो.

वेग डोळ्यांनी मोजू नका

"बरोबर फिरतेय की" हे डोळ्यांना कळत नाही. डेकवर स्ट्रोब चकती, म्हणजे रेघा छापलेली वेग तपासायची चकती, ठेवा. ५० आवर्तनांच्या विजेखाली ३३.३३ साठी चकतीवर १८० रेघा लागतात. अमेरिकन चकतीवर २१६ असतात, ती इथे उपयोगाची नाही. बरोबर वेगाला रेघा थांबल्यासारख्या दिसतात. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली मात्र रेघा दिसतच नाहीत, कारण त्यांचा उजेड विजेबरोबर लुकलुकत नाही. जुना पिवळा बल्ब किंवा ट्यूबलाइट लावून बघा.

चकती नसेल तर पेटी आहेच. एकाच गाण्यावर विसंबू नका, काही बँड गिटार मुद्दाम अर्धा सूर उतरवून लावतात. चार-पाच वेगवेगळ्या रेकॉर्ड्स सारख्याच खाली बोलल्या तर दोष डेकचा. एकच बोलली तर तिचं मूळ मुद्रणच तसं असू शकतं. बेल्टवर चालणाऱ्या डेकमध्ये बेल्ट सैल झाला तरी वेग उतरतो आणि लांब धरलेला सूर थरथरतो.

(हा प्रश्न गिटारपुरता नाही. आपल्या बडोद्याचे गायक-वीणावादक इनायत खाँ यांनी १९०९ मध्ये ज्या तबकड्या मुद्रित केल्या, त्या काळात ७८ फेऱ्यांचं प्रमाण पक्कं झालेलंच नव्हतं. तेव्हा त्यांची खरी पट्टी कोणती, हेही कानानंच शोधावं लागतं.)

फझ ऐकून सुईला दोष देऊ नका, आणि सुईचा दोष फझ म्हणून चालवून घेऊ नका

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. या संगीताचा जीवच फझमध्ये आहे. गिटारचा आवाज ट्रान्झिस्टरच्या सर्किटमधून मुद्दाम फाडायचा आणि मधमाश्यांच्या थव्यासारखा गुंजवायचा. मॅस्ट्रो एफझेड-१ ही गिटारला जोडायची फझची डबी १९६२ मध्ये आली, रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडनं १९६५ मध्ये ती जगाला ऐकवली आणि पुढच्या पाच वर्षांत मद्रासपासून इस्तंबूलपर्यंतची मुलं तसलाच आवाज काढायला धडपडू लागली. आपल्याकडे ज्यांना विकत मिळाली नाही त्यांनी घरी सोल्डर करून बनवली. त्यामुळे फाटलेला आवाज ऐकून "रेकॉर्ड खराब आहे" म्हणत ती बाजूला ठेवणं हा मोठा अन्याय आहे.

पण झिजलेली सुईसुद्धा आवाज फाडते. दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? गिटारकडे लक्षच देऊ नका, गायकाकडे द्या. फझ फक्त गिटारला लावलेला असतो. गायकाचा 'स' आणि ड्रमच्या थाळ्याही फिसकारत असतील तर दोष सुईचा किंवा झिजलेल्या खाचांचा. दुसरी खूण म्हणजे पहिलं गाणं स्वच्छ आणि त्याच बाजूचं शेवटचं गाणं फाटलेलं. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच संगीताला निम्म्याहून कमी जागा मिळते आणि थकलेली किंवा वाकडी बसलेली सुई तिथे हार खाते. या अल्बममधली लांबलचक, भन्नाट गाणी बहुतेकदा बाजूच्या शेवटी ठेवलेली असतात. म्हणजे जे ऐकायला रेकॉर्ड आणली तेच सर्वांत वाईट ऐकू येतं.

सुई उडते म्हणून हेडवर नाणं ठेवायची सवय आपल्या घरांत पूर्वापार आहे. ती आजच सोडा. आजची बरीचशी मॅग्नेटिक कार्ट्रिज (सुई धरणारा छोटा भाग) दीड ते अडीच ग्रॅम वजनावर चालतात. पंचवीस पैशांचं एक जुनं नाणं ठेवलं तरी ते वजन दुपटीवर जातं. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर सुई अलगद टेकवून वजन वाचा आणि कंपनीनं सांगितलंय तेवढंच ठेवा. घरात जुना सुटकेससारखा एचएमव्ही फिएस्टा असेल तर त्यावर रोजच्या रेकॉर्ड्स खुशाल लावा, दुर्मीळ रेकॉर्ड लावू नका. त्याच्या सिरॅमिक कार्ट्रिजची सुई कितीतरी जड बसते. आणि ७८ च्या लाखेच्या तबकडीला एलपीची (३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डची) सुई लावू नका. तिची खाच कितीतरी रुंद असते, सुई तळाशी नुसती घसरत राहते.

आवाज बारीक, पातळ आणि बास गायब असेल तर डेक बहुधा अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स या साध्या जोडणीत थेट खुपसलेला असतो. मॅग्नेटिक कार्ट्रिज जेमतेम पाच मिलिव्होल्ट देतं. त्याला तो क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प हवाच, तोच रेकॉर्ड छापताना दाबलेला बास परत वर आणतो. उलट, आत प्रीअ‍ॅम्प असलेला डेक पुन्हा फोनोमध्ये लावला तर सगळं घुमतं आणि फुटतं.

स्टीरिओवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका

साठच्या दशकातल्या स्टीरिओत गाणारा एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात, असं सर्रास असायचं. हेडफोनवर डोकं दुखतं म्हणून अल्बम सोडू नका, मोनोचं (दोन्ही बाजूंना एकच आवाज देणारं) बटण दाबा किंवा खोलीत स्पीकरवर ऐका. काही रेकॉर्ड्स तर मुळात मोनोच. त्यांना नंतर कृत्रिम स्टीरिओ करून विकलं गेलं, एका बाजूला बास जास्त, दुसऱ्या बाजूला खरखर जास्त. त्याही मोनोमध्ये बऱ्यापैकी सावरतात.

मोनो केल्यावर गायकच नाहीसा झाला तर घाबरू नका. कार्ट्रिजच्या चार तारांपैकी एका बाजूच्या दोन उलट्या जोडल्या गेल्यात. पांढरी-निळी डाव्या बाजूची, तांबडी-हिरवी उजव्या बाजूची. पांढरी आणि तांबडी धन. जागेवर लावा, गायक परत येईल. अशा उलट्या डेकवरून उतरवलेली गाणी नेटवरही असतात आणि मोबाईलच्या एकाच स्पीकरवर ती पोकळ वाजतात.

छाप वाईट म्हणून अल्बम वाईट ठरवू नका

अमेरिकन गायिका लिंडा पर्हॅक्सचा 'पॅरललोग्रॅम्स' १९७० मध्ये निघाला. दातांच्या दवाखान्यात काम करणारी ही बाई. छापून आलेली तबकडी ऐकून ती हताश झाली, कारण स्टुडिओत असलेली चमक आणि खोली त्यात उरलीच नव्हती. पुढे तिनं जपलेल्या टेपवरून अल्बम पुन्हा काढला गेला तेव्हा लोकांना कळलं की गिटार आणि आवाजाच्या थरांत केवढं काय दडलंय. म्हणून एक छाप पातळ वाटली तर दुसरी शोधा. लेबलच्या कडेला गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले आकडे वाचायला शिका. कव्हर सारखंच असलं तरी छाप कोणती ते तिथे कळतं. आणि नव्यानं काढलेल्या अल्बमवर मूळ टेपचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो कुणाच्या तरी जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेला असू शकतो. तिथली खरखर आणि वेगाची चूकही मग नव्या छापेत येते.

पुराच्या पाण्यातल्या रेकॉर्ड्स उन्हात वाळवू नका

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी आमच्या कारेलीबागेतल्या खालच्या खोलीत आली तेव्हा सर्वांत खालच्या फळीवर काकांनी दिलेला खोका होता. पाणी ओसरलं तसं शेजारच्या गच्चीवर कुणी तरी रेकॉर्ड्स गाद्यांबरोबर उन्हात मांडल्या. दुपारपर्यंत त्या वाटीसारख्या वाकल्या होत्या. प्लास्टिक तापलं की आकार सोडतं आणि मग परत सरळ होत नाही.

आम्ही सावलीत काम केलं. आधी प्रत्येक कव्हरचा आणि लेबलचा फोटो. मग रेकॉर्ड बाहेर काढून, लेबल हाताच्या पंजानं झाकून, नळाखाली गाळ नुसता वाहू द्यायचा. घासायचं अजिबात नाही, त्या गाळात वाळू असते आणि ती खाचा खरवडते. गाळ गेल्यावर भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड आणि खाचांच्या दिशेनं गोल फिरवत हात. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, बॅटरीवाल्याकडे मिळतं ते. नळाच्या पाण्यातले क्षार खाचेत सुकले की टकटक कायमची. वाळवायला भांड्यांचा स्टँड उत्तम. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

बुरशी आली असेल तर नाकाला फडकं बांधा. आणि पारदर्शक मऊ पीव्हीसीची पाकिटं फेकून द्या. बडोद्याच्या उन्हाळ्यात ती रेकॉर्डला चिकटून तिच्यावर धुरकट डाग सोडतात, धुऊनही जात नाहीत.

दंतकथा आधी ऐकू नका

अमेरिकन गायक रॉड्रिग्जचा 'कोल्ड फॅक्ट' १९७० चा. अमेरिकेत कुणी विचारला नाही, दक्षिण आफ्रिकेत घराघरांत पोचला आणि तिथे लोक ठामपणे सांगायचे की त्यानं स्टेजवरच जीव दिला. तो डेट्रॉइटमध्ये मजुरी करत होता. १९९८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत जाऊन गायला. इतकी वर्षं तिथल्या विक्रीचे पैसे त्याच्यापर्यंत पोचले नव्हते. "गूढ, बेपत्ता कलाकार" असं कुठे वाचलं की मला आता त्याचं बुडालेलं मानधन आठवतं.

नावांचंही तसंच. १९९६ मध्ये कंबोडियाच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉक गाण्यांचा एक संग्रह निघाला, त्यावर ना गाण्याचं नाव ना गायकाचं. सिन सिसामुथ, रोस सेरेसोथिया हे तिथले लाडके गायक, ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या काळात दोघंही गेले. पुढे ऐकणाऱ्यांनी एकेक गाणं ओळखून त्यांची नावं परत लावली. नेटवर गाणं चढवताना नाव-साल अंदाजानं टाकू नका. साल तर हमखास चुकतं. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टच्या 'ऑब्सेशन ७७' च्या नावातच ७७ आहे, पण रेकॉर्ड बाजारात आली १९८१ मध्ये. या बँडमधून एके काळी आपला नंदू भेंडे गायचा, आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. ही गोष्ट कितीतरी मराठी घरांना ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सिगारेट कंपनीनं भरवलेल्या सिमला बीट स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या दोन एलपींवर देशभरच्या कॉलेजवयीन बँडची नावं आहेत. ज्यांची एलपी निघाली नाही असे किती तरी बँड होते, गणेशोत्सवात वाजवणारे, हॉस्टेलच्या गॅदरिंगमध्ये वाजवणारे. त्यांचं काही उरलं असेल तर ते रावपुऱ्यातल्या एखाद्या माळ्यावर, स्पूलवर (मोठ्या चाकावर गुंडाळलेल्या टेपवर) किंवा कॅसेटवर. पस्तीवाल्याला हाक मारण्याआधी तो खोका उघडा. स्पूल लगेच मशीनवर चढवू नका, जुन्या टेपचा थर सुटून मशीनच्या हेडला चिकटतो. कॅसेटचा आतला स्पंजचा तुकडा निखळला असेल तर फक्त तो बदलला तरी आवाज परत येतो. आणि ज्यांनी वाजवलं ते अजून असतील तर त्यांना समोर बसवून ऐकवा, आणि कोण कुठली गिटार वाजवतंय ते पेन्सिलनं कव्हरच्या आत लिहून ठेवा. काकांच्या खोक्यात अशी एक कॅसेट आहे. तिच्यावरचा ड्रमवाला कोण, ते काकांना अजून आठवत नाही. या दिवाळीत त्यांचे दोन जुने साथीदार घरी येणार आहेत.