देवाला कोणी बनवलं? हे समजावून सांगायला बसाल तेव्हा

संडेस्कूलमधला सात वर्षांचा पोरगा असो की कॉलेजात फिलॉसॉफी वाचणारी पोरगी, प्रश्न तोच येतो, सगळं देवाने बनवलं तर मग देवाला कोणी बनवलं? आणि आपण 'अरे तो स्वयंभू आहे' म्हणून विषय मिटवतो. मीपण कितीतरी वर्षं तेच केलंय. देवाचं असणं दुसऱ्या कोणावर अवलंबून नाही आणि त्याला कशाची गरजही नाही, ह्या शिकवणीला थिऑलॉजीत असेइटी म्हणतात, लॅटिनमधल्या 'आ से' म्हणजे 'स्वतःपासून' ह्यावरून. पण माझं मत विचाराल तर मराठीत शिकवताना घोळ लॉजिकमुळे कमी होतो आणि आपल्याच दोन शब्दांमुळे जास्त, एक 'स्वयंभू' आणि दुसरा 'पाहिजे'. ह्या विषयावर बायबल स्टडी घ्यायचा असेल तर तयारी इथूनच करा.

स्वयंभूमधला 'भू' म्हणजे होणं. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की आधी देव नव्हता, मग तो आपला आपण झाला, आणि ते तर शक्यच नाही ना, कारण स्वतःला बनवायला आधी स्वतः असावं लागतं. ख्रिस्ती शिकवण देव 'झाला' असं म्हणतच नाही, तो आहे. स्वतःच स्वतःचं कारण असणं वेगळं आणि मुळात कारणच नसणं वेगळं, आणि ह्यात गोंधळणारे आपण एकटे नाही बरं का, 1641 मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने देव जणू स्वतःच स्वतःचं कारण आहे अशा धाटणीची भाषा वापरली तेव्हा आर्नो ह्या धर्मशास्त्र्याने लगेच हरकत घेतली होती. मध्ययुगातल्या अन्सेल्म ह्या ख्रिस्ती विचारवंताने तर 1076 च्या सुमारास हेच प्रकाशाचं उदाहरण देऊन सांगितलं होतं, प्रकाश प्रकाशतो म्हणजे तो आधी प्रकाशाला बनवतो असं नाही, प्रकाशणं हेच त्याचं स्वरूप. मी ह्यावरून एक साधं वाक्य बनवून ठेवलंय, आपलं असणं उसनं आहे, देवाचं स्वतःचं.

'उसनं' हा शब्द इथे फार कामाचा आहे, त्यावर पाच मिनिटं जास्त घालवा. समजा मी तुम्हाला शंभर रुपये दिले, पण ते मी कोणाकडून तरी उसने घेतलेले, त्याने अजून कोणाकडून, त्याने अजून कोणाकडून. ही रांग हजार लोकांची करा नाहीतर न संपणारी करा, कोणाच्या तरी खिशात स्वतःचे पैसे नसतील तर माझ्या हातात नोट आली कुठून? रांग लांबवल्याने पैसे तयार होत नाहीत. तसंच झाड, डोंगर, तारे, तुम्ही-आम्ही, सगळ्यांचं असणं कुठूनतरी मिळालेलं, मग कुठेतरी असा कोणीतरी हवा ज्याला ते मिळालेलं नाही. आता 'देवाला कोणी बनवलं' ह्याचा अर्थ होतो, ज्याने उसने घेतलेच नाहीत त्याने कोणाकडून उसने घेतले? एक लक्षात ठेवा, 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं' असं चुकूनही म्हणू नका, मग देवालाही लागणारच. 'जे उसनं आहे त्याला देणारा असतो' एवढंच म्हणा. आणि ह्या उदाहरणातून बायबलचा देव सिद्ध झाला असंही म्हणू नका, फक्त असं कोणीतरी असायला पाहिजे इथपर्यंतच ते नेतं.

पुढचं बायबलच्या वचनांतून. सगळे आधी निर्गम 3:14 उघडतात, जळत्या झुडपातून मोशेला मिळालेलं उत्तर, 'मी आहे तो आहे'. उघडा, पण सगळा भार त्यावर टाकू नका, कारण हिब्रूत त्याचा अर्थ 'मी असेन तो असेन' असाही होतो आणि दोनच वचनं आधी 'मी तुझ्याबरोबर असेन' ह्यात तोच शब्द आलाय, म्हणजे तिथे फिलॉसॉफीइतकाच मोशेला दिलेला धीरही आहे. झुडूप जळतंय पण भस्म होत नाही, म्हणजे ह्या आगीला जळण लागत नाही, हे चित्र मला खूप आवडतं, फक्त हा अर्थ आपण काढलाय, वचनाने तसं म्हटलेलं नाही हे सांगून टाका. जास्त भक्कम जागा म्हणजे प्रेषितांची कृत्ये 17:25, अथेन्समध्ये पौल सांगतो की देवाला काही उणं आहे म्हणून माणसांनी त्याची सेवा करावी असं नाही, उलट तोच सगळ्यांना जीवन आणि श्वास देतो. आणि स्तोत्र 50:12, मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही, जग माझंच आहे. ह्यात थोडा टोमणापण आहे, वाचताना तो येऊ द्या.

आता 'पाहिजे'. आपल्या मराठीत 'मला पाणी पाहिजे' मध्ये गरज आहे आणि 'मला तूच पाहिजेस' मध्ये इच्छा, शब्द मात्र एकच. म्हणून चर्चमधल्या संदेशात 'देवाला तुम्ही पाहिजे आहात' म्हटलं की अर्धी मंडळी ऐकते की आपल्यावाचून देवाचं अडलंय. उपाय सोपा, आपल्या नोट्समध्ये जिथे जिथे 'पाहिजे' किंवा 'हवं' आलंय तिथे 'गरज आहे' घालून बघा, वाक्य खोटं पडलं तर 'इच्छा आहे' किंवा सरळ 'प्रीती आहे' लिहा. 'देव एकटा होता म्हणून त्याने माणूस घडवला' हे तर फारच कानावर येतं, आणि ते चूक आहे. योहान 17:24 मध्ये येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेआधीच तू माझ्यावर प्रीती केलीस, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्यात प्रीती आधीपासून भरलेलीच होती, कुठली रिकामी जागा भरायला आपल्याला बनवलेलं नाही.

इथे कोणीतरी विचारणारच, मग अर्पण कशाला, प्रार्थना कशाला? त्यांना 1 इतिहास 29:14 दाखवा, मंदिरासाठी ढीगभर सोनं-चांदी जमल्यावर दावीद म्हणतो की तुझ्याच हातून मिळालेलं आम्ही तुला दिलं. आणि 'गरज नाही म्हणजे देव कोरडा आहे का' असं कोणी म्हणालं तर उलटं विचारा, ज्याला तुमच्याकडून काहीच मिळवायचं नाही त्याच्या प्रेमात स्वार्थ कुठून येणार? देवाला दुःख होतं का हा वेगळा विषय आहे, तो त्याच दिवशी काढाल तर घरी जायला उशीर होईल.

सगळ्यात अवघड योहान 5:26, पित्याने पुत्रालाही स्वतःच्या ठायी जीवन असणं 'दिलं'. दिलं म्हणजे उसनं झालं ना? चौथ्या शतकात एरियस ह्या धर्मगुरूची बाजू साधारण अशीच होती, पुत्र पित्यापासून आहे तर तो निर्माण केलेला असणार, आणि 325 च्या नायसिया इथल्या बिशपांच्या परिषदेने उत्तर दिलं, जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे. समजवायचं असं, की पित्याने दिलं ते काय, तर 'स्वतःच्या ठायी जीवन', आणि ही देणगी अमुक दिवशी दिली असं नाही, ती सार्वकालिक आहे, पुत्र नव्हता असा काळच नाही. धर्मसुधारक कॅल्विनने ह्यावर अजून जोर दिला, पुत्र म्हणून तो पित्यापासून, पण देव म्हणून स्वतःपासूनच. ग्रुप नवीन असेल तर इथे हात आखडता घ्या, पुढच्या वेळेला घेऊ म्हटलं तरी चालतं.

आकडे, गणिताचे नियम हे देवाने बनवले की ते त्याच्याशिवाय आहेतच, असाही प्रश्न एखादा हुशार काढतो. प्राचीन चर्चमधला विचारवंत ऑगस्टिन, त्याच्या वळणाचं उत्तर असं, की ही सत्यं देवाच्या मनाबाहेर कुठे ठेवलेली नाहीत. तेवढ्यावर थांबा.

आणि तो सात वर्षांचा पोरगा? त्याला लॅटिन नको नि नायसियापण नको. त्याला एवढंच सांगा की देवाला कोणीच बनवलं नाही, तो नेहमीच होता, आणि तो 'नेहमी म्हणजे किती' असं विचारेल तेव्हा स्तोत्र 90:2 वाचून दाखवा, डोंगर व्हायच्याही आधी. बहुतेक तो पुढे विचारेल, मग त्याला कंटाळा नाही आला का? योहान 17:24 चं पान उघडून ठेवलेलं बरं.