गुडघ्यासाठी सप्लिमेंट घेताय? या चुका टाळा

जिना उतरताना कठडा घट्ट धरायची वेळ आली की सल्ले सुरू होतात. 'वंगण संपलंय, ही गोळी घे', 'ती पावडर घे, गादी भरून येते'. काही वर्षांपूर्वी मीही एकाच आठवड्यात तीन बाटल्या उघडल्या होत्या: ग्लुकोसामाइन (सांध्याच्या गादीत असणारा एक घटक), शल्लकी (एका झाडाचा औषधी डिंक) आणि हळदीचा अर्क. महिनाभरात दुखणं उतरलं, पण पोटात जळजळ सुरू झाली. गुण कशाने आला आणि जळजळ कशाने झाली, ते आजतागायत कळलेलं नाही. त्याच महिन्यात मांडीचे व्यायामही सुरू केले होते, पण ते मी हिशेबातच धरले नव्हते.

सगळं एकदम सुरू करणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सांध्याच्या झिजेचं दुखणं रोज सारखं नसतं, ते चढतं आणि उतरतं. गोळी आपण सुरू करतो ती दुखणं ऐन भरात असताना. पुढे ते आपोआप थोडं ओसरणारच असतं, पण श्रेय बाटलीला मिळतं. २००६ साली अमेरिकेत १५८३ जणांवर झालेल्या 'गेट' चाचणीचे आकडे याच संदर्भात बघण्यासारखे आहेत. २४ आठवड्यांनी गुडघेदुखी किमान २० टक्क्यांनी कमी झाली असे लोक ग्लुकोसामाइनच्या गटात ६४ टक्के होते, कॉन्ड्रॉइटिनच्या (हाही गादीतलाच एक घटक) गटात ६५ आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ६७. ज्यांना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिली होती, त्यांच्यातही ६० टक्के! हा फरक योगायोगाच्या पलीकडचा मानता आला नाही.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट सुरू करा आणि तिला साधारण तीन महिने द्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वहीत दोन नोंदी करा: जिना उतरताना दुखणं दहापैकी किती, आणि हात न टेकता खुर्चीतून लागोपाठ पाच वेळा उठायला किती सेकंद लागले. तीन महिन्यांनी आकडे हलले नसतील तर बाटली बंद. हलले असतील तरी मध्ये महिनाभर थांबून बघा. दुखणं परत वाढलं नाही, तर गोळीशिवायही चालतंय.

कूर्चा पुन्हा उगवेल ही आशा

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, उचललं की स्पंजासारखा द्रव ओढून घेते. त्यामुळे गोळी चालू आहे म्हणून चालणं बंद करणं म्हणजे उलटाच कारभार. झिजलेली गादी भरून येते असं कोणत्याही सप्लिमेंटबद्दल सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन घेऊ नये असं ठामपणे सांगितलं आहे. हाताच्या बोटांसाठी मात्र कॉन्ड्रॉइटिनला त्यांनी सौम्य होकार दिला.

कोलॅजन, म्हणजे कूर्चेत आणि त्वचेत असणारं प्रथिन, त्याचं थोडक्यात: पोटात त्याचे तुकडे होतात आणि ते रक्तात मिसळतात. त्यांनी थेट गुडघा गाठावा अशी काही सोय नाही.

लेबलवरचा मोठा आकडा वाचून थांबणं

बाटलीवर '१५०० मिग्रॅ' छापलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत बघा: हा आकडा एका गोळीचा आहे की तीन गोळ्यांचा? ग्लुकोसामाइन सल्फेटसोबत 'पोटॅशियम क्लोराइड' लिहिलं असेल तर वजनाचा साधारण चौथा हिस्सा त्या क्षाराचाच असतो, म्हणजे १५०० मधले प्रत्यक्षात ११३० च्या आसपास कामाचे. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने तर ही ओळ नक्कीच वाचावी, कारण पोटॅशियमचं पथ्य इथेच मोडतं. शल्लकीच्या बाबतीत नुसती पूड आहे की अर्क, आणि अर्क असेल तर बॉस्वेलिक आम्लं (शल्लकीतले मुख्य घटक) किती टक्के, हे छापलेलं नसेल तर ती बाटली परत ठेवावी.

हळदीची गंमत वेगळी. हळदीतला मुख्य घटक, करक्युमिन, असतो तीनेक टक्के, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत नव्वदएक मिलिग्रॅम, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात उतरतं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पिपरीन घालतात. पण पिपरीन इतर काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. हळदीच्या तीव्र अर्काने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवा.

'वनस्पतीच तर आहे' म्हणून डॉक्टरांना न सांगणं

वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याने ग्लुकोसामाइन सुरू केल्यावर रक्त जास्त पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. हळदीच्या अर्काबाबतही तीच भीती. शस्त्रक्रिया ठरली असेल तर बाटल्या पिशवीत घालून भूलतज्ज्ञांसमोर ठेवा, नावं आठवत बसू नका. आणि ग्लुकोसामाइन बऱ्याचदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनवतात, तेव्हा त्यांची ॲलर्जी असणाऱ्याने आधी विचारून घ्यावं.

दोन दिवसांत गुण आला म्हणून खूश होणं

याच्याइतकी धोक्याची खूण दुसरी नाही. खरी शल्लकी किंवा ग्लुकोसामाइन असा झटपट गुण देत नाही. जडीबुटीच्या गोळीने दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला, भूक वाढली, तोंड सुजल्यासारखं गोल दिसू लागलं, शुगर वर गेली, तर आत स्टेरॉइड असण्याचा संशय घ्यावा. ही काही नुसती शंका नव्हे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांधेदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या अशाच काही सप्लिमेंटमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडल्याचा इशारा दिला होता. लेबलवर त्यांचा उल्लेखही नव्हता.

इथे शेवटची चूक घडते ती घाबरून. अशी गोळी बरेच आठवडे पोटात गेली असेल तर ती मनानेच एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने शरीराने स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं, आणि अचानक तोडलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत वेळ येते. बाटली घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मात्रा कशी उतरवायची ते तेच ठरवतील.