सेकंडहँड तिजोरी घेतली, पण आकडे माहीत नाहीत? मग ती अशी उघडा

तिजोरी अजून विकणाऱ्याकडेच असेल आणि तिचं दार उघडं असेल, तर पुढचं काहीही वाचण्याआधी एक लक्षात घ्या: ते दार लावू नका. हँडल फिरवून बघू नका, डायलला हात लावू नका. दार उघडं असेल तर कारागीर आतल्या बाजूने कुलपाचं झाकण काढतो, डायलबरोबर फिरणाऱ्या चकत्या बघतो आणि आकडे शोधतो किंवा सरळ नवे लावून देतो. तेच दार एकदा बंद झालं की त्याच कामाला अख्खा दिवस जाऊ शकतो. झाकण मात्र स्वतः काढू नका. काही कुलपांत ते काढताच वेगळी सुरक्षा कडी पडते.

दार आधीच बंद असेल तर पहिला प्रश्न असा: ते खरंच कुलूपबंद आहे का? बऱ्याचदा आकडे बरोबर असूनही हँडल हलत नाही, कारण दार धरून ठेवणाऱ्या आतल्या कड्यांचा दाब कुलपाच्या जिभेवर आलेला असतो. म्हणून कुठलेही आकडे लावून बघताना हँडल आधी बंद होण्याच्या दिशेने घट्ट दाबून धरा आणि मग डायल फिरवा किंवा कोड दाबा. आतलं सामान दाराला टेकलं असेल तर दार बाहेरून आत रेटून धरा. हलवाहलवीत तिजोरी तिरकी बसली असेल तर आधी ती समतल करा.

मग आकड्यांचा माग काढा. विकणाऱ्याला विचाराच, आणि शक्य असेल तर त्याच्याआधीच्या मालकापर्यंत पोहोचा. आकडे विसरण्याच्या भीतीने लोक ते जवळपास कुठेतरी लिहून ठेवतात: टेबलाच्या खणाखाली, जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर. दारावर किंवा मागच्या बाजूला अनुक्रमांक असतो. तो आणि खरेदीची पावती घेऊन बनवणाऱ्या कंपनीकडे विचारणा करा. मालकी सिद्ध केली तर काही कंपन्या मूळ आकडे देतात. मधल्या मालकाने ते बदलले असतील तर उपयोग नाही, पण विचारायला काहीच जात नाही.

कारखान्यातले आकडेही वापरून बघा. कित्येक जण ते कधी बदलतच नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अणुबॉम्ब बनवणाऱ्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन सहकाऱ्यांची गुप्त कागदपत्रांची कपाटं उघडून दाखवायचे. तिथली काही कुलपं तर कारखान्यातून आली तशीच, २५-०-२५ किंवा ५०-२५-५० वर होती. सार्जंट अँड ग्रीनलीफ या अमेरिकी कुलूप कंपनीची यांत्रिक कुलपं बहुधा ५० या एकाच आकड्यावर लावून येतात: डायल डावीकडे फिरवत ५० चौथ्यांदा डायलच्या वरच्या स्थिर खुणेवर आला की थांबायचं, मग उजवीकडे अडेपर्यंत फिरवायचं.

आकडे मिळूनही तिजोरी उघडत नाही, अशी तक्रार फार ऐकू येते, आणि बहुतेक वेळा चूक फिरवण्यात असते. तीन आकड्यांच्या कुलपाची सर्वसाधारण पद्धत अशी:

१. डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. पहिला आकडा चौथ्यांदा खुणेवर आला की थांबा.
२. उजवीकडे फिरवा. दुसरा आकडा तिसऱ्यांदा आला की थांबा.
३. पुन्हा डावीकडे. तिसरा आकडा दुसऱ्यांदा आला की थांबा.
४. आता उजवीकडे सावकाश फिरवा. डायल अडला की हँडल फिरवा.

आकडा जरासा जरी ओलांडला तरी मागे यायचं नाही, पहिल्यापासून सुरुवात करायची. काही डायलभोवती अशा दोन स्थिर खुणा असतात. वरची मधली उघडण्यासाठी, बाजूची फक्त आकडे बदलण्यासाठी. जुन्या कुलपात झीज झालेली असते, म्हणून प्रत्येक आकडा एकाने कमी, एकाने जास्त करूनही बघा. काही कुलपांची दिशा याच्या उलट असते, तेही करून बघा.

मात्र आंधळेपणाने सगळे आकडे लावत बसू नका. शंभर आकड्यांचा डायल आणि तीन चकत्या म्हणजे १०,००,००० जुळण्या.

कीपॅडची तिजोरी असेल तर आधी बॅटरी बदला. कमजोर बॅटरीवर कीपॅड आवाज करतो, पण कुलूप ओढायला ताकद उरत नाही. बहुतेक कुलपांत कोड बॅटरी काढली तरी पुसला जात नाही, तेव्हा ती भीती नको. बऱ्याच घरगुती तिजोऱ्यांत कीपॅडच्या झाकणीखाली आपत्कालीन चावीचं भोक असतं, ते शोधा. आणि कोड सलग चुकवू नका, काही चुकांनंतर कुलूप काही मिनिटं स्वतःला बंद करून घेतं.

इतकं करूनही दार हललं नाही तर तिजोरीचं काम जाणणारा कारागीर बोलवा. साधा कुलूपवाला नको, हे वेगळं कसब आहे. चांगला कारागीर डायलच्या सूक्ष्म फरकांवरून आकडे काढतो, किंवा नेमक्या जागी बारीक भोक पाडून आत बघतो आणि नंतर ते पक्कं बुजवतो. मालकीचा पुरावा तो मागेल. मागत नसेल तर दुसरा बघा.

हातोडा, ग्राइंडर, गॅसकटर यांना अजिबात हात लावू नका, हे मी कळकळीने सांगतो. दारात काच बसवलेली असू शकते. ती फुटली की जादा कड्या सुटतात आणि तिजोरी आणखी घट्ट बंद होते. जुन्या अग्निरोधक तिजोऱ्यांच्या भिंतींत ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्याची धूळ फुप्फुसांचं कायमचं नुकसान करते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही तिजोऱ्यांत दारामागे अश्रुधुराच्या काचेच्या कुप्याही बसवलेल्या असत. शिवाय कटरच्या उष्णतेने आतले कागद जळतात.

उघडल्यावर आत कुणाची कागदपत्रं किंवा दागिने निघाले तर विकणाऱ्याला कळवा. शस्त्र निघालं तर हात न लावता पोलिसांना सांगा. त्यानंतर आकडे बदलून घ्या आणि दार उघडं ठेवूनच, हँडलने कड्या बाहेर काढून, नवे आकडे तीनदा लावून बघा. तिन्ही वेळा कड्या आत गेल्या तरच दार लावा.