सर्च वकिलांकडं अडकलाय? मग हे विचारा

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं जुनं घर ठरवलं तेव्हा इसार दिला होता, बँकेच्या मंजुरीची मुदत सरत होती आणि सर्च रिपोर्ट, म्हणजे जुने कागद तपासून मालकी निर्वेध आहे का ते सांगणारा वकिलाचा अहवाल, काही हातात येत नव्हता. वकीलसाहेबांना "कधी होणार?" म्हणून विचारलं की "दोन दिवसांत" एवढंच कळायचं. शेवटी माझ्या नवऱ्यानं विचारलं, "साहेब, नेमका कुठला कागद अडलाय आणि तो कुणाकडं आहे?" त्या प्रश्नानं काम हललं. पहिलं घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हाच प्रश्न सांगते.

मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) अजून विकणाऱ्याच्या वारलेल्या वडिलांचं नाव होतं. वारस नोंद लावायची तर इचलकरंजीला दिलेल्या बहिणीचंही नाव लागणार. तिनं हक्कसोडपत्र तरी करून द्यायचं, नाहीतर खरेदीखतात लिहून देणार (म्हणजे विकणारी) म्हणून सही तरी करायची. वकिलांनी हे विकणाऱ्याला सांगितलं होतं, आमच्यापर्यंत कुणी पोचवलं नव्हतं. बहिणीच्या सहीशिवाय घेतलेलं घर पुढं कोर्टात जाऊ शकतं, म्हणून तिथं वकील थांबले ते बरंच झालं.

सर्च साधारण ३० वर्षांचा घेतात. शहरात मिळकत पत्रिका बघतात, शहरालगतच्या पाचगाव-उचगावकडं सातबारा आणि फेरफार, शिवाय निबंधक कार्यालयातल्या नोंदी. यातलं बरंच तुम्ही स्वतः आणून देऊ शकता. डिजिटल सहीची पत्रिका आणि सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर अलीकडच्या दस्तांची सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) बघता येते. घरफाळ्याची चालू पावती विकणाऱ्याकडून घ्या. जुन्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर त्या बँकेचा नादेय दाखला (कर्ज फिटल्याचा) आणि बोजा कमी झाल्याची नोंद, दोन्ही मागा. नुसत्या दाखल्यावर भागत नाही. कुणाची हरकत असेल तर कळवा, अशी पेपरातली जाहीर नोटीस शेवटाला ठेवू नका, तिच्या हरकतीची मुदत बाकीचे कागद जमेपर्यंत संपून जाते.

बँकेचा पॅनेलवरचा, म्हणजे बँकेनं नेमलेला वकील वेगळा असतो. त्याला आणि आपल्या वकिलाला एकाच दिवशी सारखीच फाईल द्या.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोर सुरू झालंय आणि जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला आहे. दिवसा वकील कुठल्या कोर्टात असतील सांगता येत नाही. संध्याकाळी ऑफिसला जाऊन भेटा आणि काय ठरलं ते लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. तारखेनिशी लिहिलेलं असलं की पुढच्या भेटीला तिथूनच बोलता येतं.

एवढं करूनही वकील दाद देत नसतील तर बदला. झालेल्या कामाची फी द्या आणि आपले कागद परत घ्या. फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली स्पष्ट केलंय. ग्राहक आयोगाचा धाक मात्र दाखवू नका, वकिलांची सेवा त्या कायद्यात बसत नाही असा २०२४ चा निकाल आहे. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडं करता येते.

इसाराच्या कागदावर दोन ओळी आधीच घालून घ्या: खरेदीची मुदत विकणाऱ्यानं सगळे कागद दिल्यापासून मोजायची, आणि टायटल (मालकी हक्क) क्लिअर नाही निघालं तर इसार पूर्ण परत. आधीच इसार झाला असेल आणि मुदत संपत आली असेल तर "खरेदी उरकून घेऊ, सर्च मागनं येईल" असं घरमालक म्हणेल, एजंटही म्हणेल. ऐकू नका. मुदतवाढीचा कागद करा, त्यावर नवी तारीख घाला आणि दोन साक्षीदारांसमोर दोघांनी सह्या करा.